डंखरहित मधमाश्या पाहुण्यांना दाखवताना: आधी नळीचं तोंड, मग फूल, मध सगळ्यात शेवटी

प्रश्न: कोकणात आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. आंबा, काजू, नारळ-सुपारी आणि थोडा भाजीपाला. डंखरहित मधमाश्यांच्या, म्हणजे ट्रायगोनाच्या, चार पेट्या आहेत. पाहुणे आणि शाळेच्या सहली आल्या की "पेटी उघडून दाखवा, मध चाखायला द्या" एवढंच मागतात. अर्ध्या-पाऊण तासात या माशीचं निसर्गातलं काम त्यांना नीट कसं समजावावं? आणि रोजच्या वर्दळीत पेट्या टिकतील कशा?

उत्तर:

चार पेट्या शिकवायला भरपूर आहेत. बदलायचा आहे तो दाखवण्याचा क्रम. झाकण उघडलं की पाहुण्याला काळपट गोळे, चिकट मध आणि सैरावैरा धावणाऱ्या माश्या दिसतात. फोटो निघतो, पण कळत काहीच नाही. या माशीचं सगळं महत्त्व पेटीच्या बाहेर आहे. ती जेमतेम चार मिलिमीटरची, त्यामुळे तिची झेप बहुतांशी तीनशे ते पाचशे मीटरच्या आतच असते. पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या सातेरी किंवा मेलिफेरा माश्या काही किलोमीटर जाऊन येऊ शकतात, हिला ते जमत नाही. तीनशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर सुमारे २८ हेक्टर, म्हणजे सत्तरेक एकर जमीन होते. या सत्तर एकरांत बारा महिने फूल, राळ (झाडांचा चिकट चीक) आणि पोकळ खोड मिळालं तर ती जगते, नाही तर नाही. पाहुण्याच्या मनात हे वर्तुळ बसवायचं आहे. बाकीची माहिती त्याच्याभोवती आपोआप जुळते.

त्यासाठी पहिला खर्च फ्लेक्सवर करा. तुमच्या वाडीचा उपग्रहावरून घेतलेला नकाशा सहा फूट रुंद छापून घ्या. मध्यभागी पेट्यांची जागा दाखवा आणि ३०० व ५०० मीटरची दोन वर्तुळं आखा. गटाला आधी इथे उभं करा. वर्तुळात आता काय फुललंय ते त्यांनाच शोधू द्या. नारळ बाराही महिने फुलतो, आंबा-काजूचा मोहर थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, पावसाळ्यात बांधावरची लाजाळू आणि रानफुलं. मग विचारा, या वर्तुळातली बांधावरची झाडं तोडून सगळीकडे तणनाशक मारलं तर माश्या मधल्या महिन्यांत खातील काय? मुलं उत्तर स्वतः देतात. तुम्ही भाषण करण्यापेक्षा ते कितीतरी पक्कं बसतं.

पण त्याआधी सुरक्षिततेची एक गोष्ट, आणि यात तडजोड नको. "ही माशी डंख मारत नाही" हे वाक्य एकटं कधीच बोलू नका. लहान मूल त्यातून "मधमाशी काही करत नाही" एवढंच घेऊन जातं आणि पुढच्या आठवड्यात आग्याच्या पोळ्याला दगड मारतं. आग्या माश्यांच्या हल्ल्यात माणसं दगावतात. म्हणून नकाशाशेजारी पाच माश्यांचे मोठे फोटो लावा: उंच फांदीवर किंवा कड्यावर एकच मोठं उघडं पोळं बांधणारी आग्या, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, ढोलीत समांतर पोळी लावणारी सातेरी, बाहेरून आणलेली मेलिफेरा आणि शेवटी ट्रायगोना. पहिल्या चारही डंख मारतात, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या. महाबळेश्वरजवळचं मांघर हे मधाचं गाव पाहून आलेले पाहुणे असतील, तर त्यांनी पाहिलेल्या माश्या सातेरी होत्या आणि तिथल्या चौकटी, धूर, मध काढायचं यंत्र यांतलं काहीच इथे चालत नाही, हेही सांगून टाका. आवारात आग्याचं पोळं लागलं असेल तर त्या दिवसांत कार्यक्रमाची जागा बदला. सातेरीच्या पेट्या ठेवत असाल तर त्या पाहुण्यांच्या वाटेपासून दूर, आडोशाला ठेवा.

ट्रायगोनाला नांगी असते, पण खुरटलेली, निरुपयोगी. ती जबड्याने चावते, केसांत शिरते, कानाच्या पाळीशी घुटमळते आणि अंगाला राळ चिकटवते. चावण्याने इजा होत नाही, पण घाबरलेलं मूल हात झाडतं आणि पेटी पाडतं. म्हणून लांब केस बांधायला सांगा आणि पेटी उघडणार असाल तर टोप्या द्या. केसांत शिरलेली माशी चिरडू नये, कारण चिरडल्यावर जो वास सुटतो त्याने आणखी माश्या येतात. फणीने हळू काढावी. कानात गेली तर काडी घालू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावी.

आता पेटीपाशी. एका वेळी आठ-दहा जण, जास्त नाहीत. मोठी सहल असेल तर दोन गट करा, एक नकाशापाशी आणि एक पेटीपाशी, मग अदलाबदल. माणसांनी पेटीच्या बाजूला उभं राहायचं, समोर नाही. समोर माणसांची भिंत झाली की परतणाऱ्या माश्या हवेत अडकून राहतात आणि दोन मिनिटांत त्यांचा ढग होतो. पाहुण्यांना वाटतं माश्या चिडल्या, खरं तर त्यांना दार सापडत नसतं. जमिनीवर चुन्याची रेघ मारा, नाही तर दोरी बांधा. पेटीची उंची ९० सेंटीमीटर ठेवली तर लहान मुलांच्या डोळ्यांसमोर तोंड येतं.

वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा. ऊन पडून हवा तापली की वर्दळ सुरू होते आणि पराग आणण्याचं काम मुख्यतः सकाळीच चालतं. दुपारच्या जेवणानंतर आलेल्या गटाला पराग आणणाऱ्या माश्या फारशा दिसत नाहीत. तेव्हा त्यांच्यासाठी राळ आणि घरट्याच्या बांधणीवर भर द्या. पाऊस असेल तर माश्या बाहेर पडतच नाहीत.

पेटीच्या तोंडाशी माश्यांनी राळ आणि मेणाची नळी बांधलेली असते. तिचा कडेचा भाग ताजा असेल तर मऊ आणि चिकट लागतो, जुना असेल तर कडक आणि ठिसूळ. हात लावू देऊ नका, मोडली की माश्यांचा एक-दोन दिवसांचा वेळ दुरुस्तीत जातो आणि तेवढ्यात मुंग्यांना वाट मिळते. प्रत्येकाच्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग द्या आणि पाच मिनिटं नुसतं बघू द्या. नळीच्या आतल्या कडेने पहारेकरणींची डोकी गोल रांगेत दिसतात. परतणारी माशी क्षणभर थबकते, पहारेकरीण स्पर्शिका लावून तपासते आणि बाजूला होते. पायांकडे नजर गेली की खरी मजा सुरू होते. मागच्या पायांवर पिवळट किंवा पांढरट, कोरडा दिसणारा गोळा असेल तर तो पराग. चकचकीत, थेंबासारखा असेल तर राळ. पाय रिकामे आणि पोट ताणलेलं असेल तर मकरंद किंवा पाणी. अधूनमधून एखादी माशी जबड्यात तपकिरी कण धरून बाहेर येते, थोडं उडते आणि तो टाकून परत फिरते. तो घरट्यातला कचरा.

मग मोजायला लावा. दोघादोघांची जोडी, एक मिनिट, एक जण बघणार, एक जण कागदावर तीन रकान्यांत रेघा मारणार: पराग, राळ, इतर. प्रत्येक जोडीचा आकडा फळ्यावर. आकडे वेगवेगळे येतात, कारण सगळ्यांची नजर सारखी पडत नाही. म्हणून एकाच पेटीची तीन-चार मोजमापं घेऊन सरासरी काढायची. हे आकडे तारखेसह वहीत जपा. वर्षभरात तुमच्याकडे कोणत्या महिन्यात पराग येतो आणि कोणत्या महिन्यात फक्त राळ येते, याची नोंद तयार होते, आणि पुढच्या गटाला दाखवायला याहून चांगलं साहित्य नाही.

राळेबद्दल थोडं थांबून सांगा, कारण ते सहसा राहून जातं. या माश्या पोटाच्या वरच्या बाजूने मेण स्रवतात आणि त्यात झाडांची राळ मिसळून बांधकाम करतात. शुद्ध मेणाचं पांढरं पोळं इथे दिसणार नाही. आंबा, फणस यांच्या जखमेतून पाझरलेला चीक त्या खरवडून नेतात. आत शिरणाऱ्या मुंगीच्या अंगावर राळ चिकटवून तिला जागच्या जागी खिळवतात. फटी बुजवायला राळ, जंतू रोखायलाही राळ. त्यामुळे जवळपास राळ देणारी झाडं नसतील तर नुसत्या फुलांच्या ताटव्यावर ही माशी टिकत नाही. इथेच एक धोकाही आहे. ओला ऑइलपेंट, ग्रीस, डांबर यांवरही त्या राळ समजून बसतात आणि घरट्यात नेतात. पेटीच्या परिसरात हंगामात रंगकाम काढू नका आणि पेटीला आतून काहीही लावू नका.

फुलापर्यंत चालत नेणं हा कार्यक्रमाचा गाभा. पेटीपासून शंभर मीटरच्या आत तुळस, सब्जा, कोथिंबीर आणि बडीशेप फुलू दिलेली, मोहरी, शेवगा, काकडी, कारलं एवढं असलं तरी पुरे. तुळशीच्या मंजिरीवर ही माशी इतकी निवांत काम करते की मुलं हातभर अंतरावरून पाहू शकतात. फुलं बारीक, माशी बारीक, दोघांचं जमतं. मोठ्या फुलावर मात्र तसं होईलच असं नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लाल भोपळ्याच्या नरफुलातून ती पराग गोळा करून मादीफुलाकडे न फिरकताही निघून जाते. वांगी-टोमॅटोच्या फुलातला पराग सुटायला फुलाला धरून थरथरवावं लागतं, ते काम निळ्या पट्ट्यांच्या माश्या आणि भुंगे करतात, ट्रायगोनाला ते येत नाही. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, तेव्हा ही घरी परतलेली असते. "सगळं परागीभवन हीच करते" असं सांगितलं की ऐकणाऱ्यातला शेतकरी मनातल्या मनात तुम्हाला बाद करतो. नारळ, आंबा, काजू, काकडी, कारलं, कोथिंबिरीचं बियाणं इथे तिचं काम डोळ्यांनी दाखवता येतं. आंब्याच्या मोहरावरही ती एकटी नसते. तिथे निरनिराळ्या माश्यांचा, साध्या घरमाशीच्या भावंडांचासुद्धा, मोठा वाटा असतो.

नारळावर दाखवायला ठेंगू जातीचं झाड असेल तर सोनं. पोय, म्हणजे फुलोरा, उघडल्यावर आधी नरफुलं उमलतात, दोन-तीन आठवडे गळत राहतात आणि उंच जातींत मादीफुलं त्यानंतर तयार होतात. त्यामुळे तिथे एकाच पोयीतला पराग त्याच पोयीतल्या मादीफुलाच्या उपयोगी बहुधा येत नाही, दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. वारा काही आणतो, माश्या काही आणतात. खाली पडलेली नरफुलं मुलांच्या हातात द्या. त्यांतला फिकट पिवळा पराग बोटाला लागतो, आणि मघाशी नळीपाशी पाहिलेल्या गोळ्याचा रंग त्यांना आठवतो.

परागीभवनाचा पुरावा हवा असेल तर काकडीवर साधा प्रयोग कायम चालू ठेवा. देशी वाण घ्या. पॉलिहाउससाठीच्या अनेक संकरित काकड्या परागाशिवायच धरतात, त्यांच्यावर हा प्रयोग फसतो आणि पाहुण्यांसमोर उलटाच निष्कर्ष निघतो. मादीफूल ओळखायला सोपं, फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी असते. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या तीस कळ्या संध्याकाळी निवडा. दहांवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, दहा उघड्या ठेवा आणि उरलेल्या दहांवर पिशवी बांधून सकाळी तेवढ्यापुरती काढा, ताज्या नरफुलाचे पुंकेसर त्यांच्या मधोमध हळू टेकवा आणि परत बांधा. तिसरा गट का, हे नक्की सांगा: पिशवीमुळे फळ गळालं की परागाअभावी, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. प्रत्येक फुलाला रंगीत दोरा बांधा. फूल एकच दिवस उघडं असतं, दुसऱ्या दिवशी पिशव्या काढून टाका. काही दिवसांत पहिल्या गटातल्या काकड्या पिवळ्या पडून सुकतात, बाकीच्या दोन गटांतल्या बहुतेक वाढतात. अर्धवट परागीभवन झालेली काकडी एका टोकाला बारीक, वाकडी राहते. ती मधोमध कापून आत बी कुठे भरलंय आणि कुठे नाही ते दाखवा. उघड्या फुलांवर सातेरी आणि इतर माश्याही येतात, तेव्हा कोण किती वेळा आलं ते दहा मिनिटं मोजून लिहायचं. श्रेय वाटून द्यायचं, एकटीला नाही.

आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारं "मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल" हे वाक्य तुमच्या फलकावर असेल तर काढून टाका. ते त्याचं असल्याचा पुरावा नाही आणि ते खरंही नाही. भात, गहू, ज्वारी, नाचणी यांना माशी लागत नाही. खरा आकडा पुरेसा बोलका आहे: जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक फायदा होतो, आणि उत्पादनाच्या वजनात अशा पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के आहे. म्हणजे भात-भाकरी राहील, पण ताटातली फळं, बऱ्याच भाज्या आणि तेलबिया घटतील. रानातल्या झाडांचा हिशेब तर यात धरलेलाच नाही.

आता पेटी उघडण्याबद्दल. दर गटासाठी उघडली जाणारी पेटी सहसा वर्ष काढत नाही. झाकण उचललं की राळेचं सील तुटतं, मधाची भांडी फुटतात, सांडलेल्या मधात माश्या बुडतात, वासाने मुंग्या येतात आणि फोरिड कुळातल्या बारीक माश्या आत अंडी घालतात. त्यांच्या अळ्या पराग आणि पिल्लं खातात. वसाहत आतून पोखरली जाते आणि बाहेरून आठवडाभर काही कळत नाही. त्यामुळे चारांपैकी एकच पेटी दाखवण्यासाठी राखा आणि तिला झाकणाखाली पारदर्शक ॲक्रिलिक बसवा. म्हणजे झाकण उचललं तरी घरटं बंदच राहतं.

या माशीला मोठी पेटी लागत नाही. आतून ३० सेंटीमीटर लांब, ८ रुंद, ८ उंच, म्हणजे दोन लिटरच्या आसपास जागा पुरते. मोठी दिली तर पोकळी भरण्यात आणि राखण्यात वसाहतीची ताकद जाते. फळी दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीची, फणसाची किंवा सागाची, वाळलेली. तोंडाला १० ते १२ मिलिमीटरचं भोक. वर ४ मिलिमीटरचं ॲक्रिलिक, कडेने चिकटपट्टीने नीट बंद. दोन गोष्टी इथे बिघडतात. एक, ॲक्रिलिकवर आतून पाणी जमतं, विशेषतः पावसाळ्यात आणि थंड पहाटे. त्यासाठी ॲक्रिलिक आणि लाकडी झाकण यांच्या मध्ये दोन सेंटीमीटर जाडीचा थर्माकोल ठेवा. दोन, उजेड सतत आत गेला तर माश्या ॲक्रिलिक राळेने लिंपून टाकतात आणि महिन्याभरात काही दिसेनासं होतं. पाहणं झालं की लगेच झाकण लावा. एका गटाला दोन मिनिटं पुरेत. मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश बंद.

त्या दोन मिनिटांत काय दाखवायचं ते आधी ठरवा. मधोमध पिल्लांच्या कोठड्या, द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना लागलेल्या. गडद तपकिरी कोठडी नवी. फिकट, पिवळसर कोठडीत बाहेर यायला टेकलेली माशी, कारण वरचं मेण माश्या काढून घेतात आणि आतला कोश उघडा पडतो. सातेरीत अळीला रोज भरवावं लागतं. इथे कोठडीत आधी पूर्ण खाणं भरतात, त्यावर राणी अंडं घालते आणि तोंड बंद होतं ते माशी बाहेर येईपर्यंत. दीड महिन्याच्या आसपास लागतो. कडेला परागाची आणि मधाची वेगवेगळी भांडी. राणी दिसली तर नशीब. तिचं पोट इतकं फुगलेलं असतं की तिला उडता येत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: सातेरी चिडली किंवा उपासमार झाली तर सगळं घरटं सोडून उडून जाते, ट्रायगोनाची जुनी राणी जाऊच शकत नाही. नवं घर करताना आधी कामकरी माश्या जुन्या घरातून मेण, राळ आणि खाणं वाहून नेतात, मग नवी कुमारी राणी तिकडे जाते. ही ये-जा आठवडेच्या आठवडे चालते, म्हणजे नवं घरही जुन्याच्या हाकेच्या अंतरावरच लागतं. विष फवारलं तर या वसाहतीला पळून जायचा पर्याय नसतो. हे वाक्य नकाशापाशी उभं राहून पुन्हा एकदा सांगा.

पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि त्यात चमचाभर तेल टाका, म्हणजे मुंग्या चढत नाहीत आणि डासही होत नाहीत. सकाळचं ऊन, दुपारची सावली, वर पत्रा किंवा कौलं. पेट्यांत दीड-दोन मीटर अंतर आणि प्रत्येकीच्या तोंडाशी वेगळी खूण, त्रिकोण, गोल, चौकोन, नाही तर माश्या शेजारच्या दारात शिरतात आणि मारामाऱ्या होतात. पाली आणि तोंडासमोरची कोळ्याची जाळी रोज सकाळी बघायची.

मध चाखायला देण्याचा हिशेब करा. एका वसाहतीतून वर्षाला साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम मध हाती लागतो. चारशे ग्रॅम म्हणजे तीनशे मिलीलिटरपेक्षा थोडा कमी. दर माणशी दोन मिली धरलं तरी दीडशेच्या आत माणसं होतात. सुट्टीच्या हंगामात तेवढे पाहुणे दोन-तीन शनिवार-रविवारी येतात. म्हणून चाखणं सगळ्यांसाठी नको, आणि दिलं तर लाकडी काडीच्या टोकावर थेंब. भांडी टोचून मध निथळू द्या किंवा सुई नसलेल्या सिरिंजने ओढा. पिळला तर पराग मिसळतो आणि मध लवकर आंबतो. नेहमीच्या मधात पाणी सहसा २० टक्क्यांच्या आत असतं, यात २५ टक्क्यांच्या वरही जातं. त्यामुळे तो पातळ आणि आंबटसर लागतो, आणि बाहेर ठेवला की फसफसतो. फ्रिजमध्ये, काचेच्या बाटलीत, वर जागा सोडून ठेवा. मे संपताना मध काढणं बंद. पावसाळाभर वसाहतीला तोच आधार असतो.

एक वर्षाखालच्या बाळाला हा मध, किंवा कुठलाच मध, थेंबभरही द्यायचा नाही. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आपल्याकडे बाळाला मध चाटवायची रीत असल्याने आज्या हौसेने बोट पुढे करतात, तेव्हा फलक मोठा आणि टेबलावरच हवा. "शुगरवाल्यांना चालतो" असंही म्हणू नका. २०२० साली क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी डंखरहित माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज ही हळू पचणारी साखर दाखवली, पण तो अभ्यास ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि ब्राझीलमधल्या जातींवरचा होता. आपल्या पेटीतल्या मधाची तपासणी न करता त्यावरून आजारी माणसाला भरवसा देणं चूक आहे.

पाहुण्यांत बागायतदार असतील तर शेवटची दहा मिनिटं फवारणीला द्या. मोहर उमलल्यापासून फळ धरेपर्यंत कीटकनाशक टाळणं पहिलं. तुडतुड्यांमुळे टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा. पेट्या असलेल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी फवारणीची कल्पना द्यायला सांगा. त्या संध्याकाळी पेटीच्या तोंडाला बारीक जाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद ठेवता येतं. ऊन चढल्यावर बंद ठेवली तर आत गुदमरतात, म्हणून सावलीत आणि थोडाच वेळ. बांधावरचं तण फुललेलं असताना तणनाशक नको, कापणी फुलं सरल्यावर.

घरी परतताना बरेच जण विचारतात, "आमच्या भिंतीत अशाच माश्या आहेत, काढून टाकू का?" जांभ्याच्या भिंतीत, चौकटीच्या फटीत, विजेच्या मीटरच्या खोक्यात त्यांची घरटी असतातच. त्या भिंत पोखरत नाहीत, असलेली पोकळी वापरतात. काढू नका म्हणून सांगा. भिंत पाडायचीच असेल तर आधी कळवायला सांगा. वेळ असेल तर भिंतीतल्या तोंडाला बोटभर जाडीची नळी जोडून तिचं दुसरं टोक रिकाम्या पेटीत आणि पेटीतून बाहेर जायला दुसरं भोक, अशी मांडणी करता येते. माश्यांची ये-जा पेटीतून सुरू होते आणि काही महिन्यांत त्या आत बांधकाम करू लागतात. कोठड्या आणि अंडी घालणारी राणी पेटीत दिसल्याशिवाय नळी तोडायची नाही, घाई केली तर पेटीत राणीविना माश्या उरतात. तुमच्या चार पेट्यांची पाचवी करायची असेल तर वसाहत लांबच्या राज्यातून मागवण्यापेक्षा अशीच, जवळच्या पाडायच्या भिंतीतून घ्या. आणलेली पेटी मात्र जुन्या जागेपासून किलोमीटरभर तरी दूर हवी, नाही तर बाहेर पडलेल्या माश्या पाडलेल्या भिंतीकडेच परततात.